उंबऱ्यावरची मीचबाई

मीचबाईला कोणी उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवलं की ती आधी बोंब ठोकायची, मग परत अलीकडे यायची, खाली बसायची, पोटावर वळायची, एक पाय पलीकडे सोडायची, तो जमिनीला टेकला की दुसरा, आणि मग कुठे तिच्या मते ती घराबाहेर पडायची. आधीचं उचलणं हिशेबात धरलं जायचं नाही. मागे कोण ताटकळलंय, कोणाच्या कडेवर पाण्याची कळशी आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "मीच!" एवढं एकच उत्तर. त्यावरून बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीनं तिचं नाव मीचबाई ठेवलं.

मीचबाई म्हणजे माझी मुलगी, दीड ते तीन वर्षांच्या मधली. पुढे ती मोठी झाली, शिकली, इंदूरला नोकरीला लागली, लग्न झालं, आता तिला मुलगाही आहे. या मोठ्या मुलीशी मी रोज फोनवर बोलते. पण तिला मीचबाईबद्दल विचारलं तर म्हणते, "आई, तू ना, कहानी रचतेस. मी कुठे अशी होते?" सासूबाई गेल्या. हे तेव्हा सकाळी दुकान उघडायला जायचे ते पोर झोपल्यावर उगवायचे. म्हणजे मीचबाईला नीट ओळखणारी आता मी एकटीच उरले.

तेव्हाची मी कशी होते तेही सांगायला हवं. अंगानं काडी आणि अकलेनं डोंगर, अर्थात माझ्या मते. शेजारच्या बाळाला दात आला की मी घरी येऊन आमच्या बाळाच्या हिरड्या चाचपायची. ते बाळ चालायला लागलं तेव्हा तर मी आमचीला भिंतीला टेकवून उभी करायची आणि ती पिठाच्या पोत्यासारखी हळूहळू खाली घसरायची. मी देवाला नारळ बोलले होते. सासूबाई सुपातून मान वर न काढता म्हणायच्या, "कवा चालायचं तवा ते पोर चालीन. तू कायले तिले ढकलते?"

आणि एका सकाळी ती चालली. लोकांची मुलं म्हणे पहिली पावलं आईकडे टाकतात. मीही दारच्या ओट्यापुढे हात पसरून, चेहऱ्यावर आईचं हसू आणून बसले होते. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि समोर उभ्या असलेल्या केळीवाल्या चाचांच्या हातगाडीकडे निघाली. डुलत, हात वर धरून, पण थेट. चाचांनी खूश होऊन एक केळं सोललं आणि तिच्यापुढे धरलं.

"मीच!"

"अरे बिटिया, अब छिल गया तो छिल गया!"

ते तिला मान्य नव्हतं. चाचांनी बिचाऱ्यांनी साल परत वर चढवून बघितली, तीही तिनं नापास केली. शेवटी दुसरं, अख्खं केळं घेतलं आणि ते तिच्यानं काही सोललं गेलं नाही, तेव्हा सालीसकटच चावत बसली. गल्ली हसत होती. मी पण हसले. मग आत जाऊन माठाशी उभी राहून रडले. ज्या पावलांसाठी नारळ बोलले, ती पडली तर मला ती उलट्या दिशेनं पडल्याचं दुःख! नारळ फोडला, पण जरा रागातच.

पुढे मात्र मी हिला घाबरून असायची. भीती म्हणजे, आपल्या घरात हे कोण येऊन राहिलंय, अशी. एकदा वैशाखातली दुपार होती. ओटा तापलेला. ही सावलीत ये म्हटलं तरी येईना. बघते तर बाई स्वतःच्या सावलीवर माझं फडकं अंथरत होती. हलली की सावली सरकायची, की ही फडकं ओढायची. "ऊन, ऊन," म्हणून मला समजावलं. सावलीला ऊन लागतंय! मी हातातलं काम टाकून तिथेच बसले. हे हिला मी शिकवलं नव्हतं. कोणीच शिकवलं नव्हतं. जिला मी नाक शिंकरायला शिकवत होते, तिच्याजवळ हे आधीपासूनच होतं.

ती दोन वर्षांची झाली आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "आता अंगावरून सोडव तिले." आमच्याकडे त्यावर एकच उपाय, कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा. मी पाला वाटला, लावला, आणि पोर आता घर डोक्यावर घेणार म्हणून समजूत काढायला मावा जिलेबीही आणवून ठेवली. तयारी अशी, की जणू मोहीमच.

मीचबाई आली, तोंड लावलं, झटक्यात मागे झाली. तोंड वेडंवाकडं केलं. पण रडली नाही. तिनं त्या हिरव्या लेपाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. उठून मोरीकडे गेली. पाणी निथळणारं ओलं फडकं दोन्ही हातांनी ओढत आणलं आणि मला पुसायला लागली.

"आईला बाऊ."

सगळं लुगडं भिजलं. मग काय झालं कोण जाणे, मी धावत जाऊन स्वच्छ धुऊन आले, आणि जिला सोडवायचं तिलाच हात पसरून म्हटलं, "बरा झाला गं बाऊ. ये."

"नको." तिनं पदर माझ्या अंगावर नीट ओढला आणि वरून थोपटलं. "आई बाऊ."

त्यानंतर तिनं कधी मागितलं नाही. तिला कडू लागलं म्हणून नाही. मला दुखतंय म्हणून. एवढ्याशा जिवानं आपल्या जगातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यासाठी सोडली, आणि माझं ते दुखणं म्हणजे मीच वाटून लावलेला पाला होता. जिलेबी मीच खाल्ली, हुंदके देत. सासूबाई दारातून बघत होत्या. "लेक सुटली," त्या म्हणाल्या, "तू कवा सुटशीन, माय?"

मीचबाई गेली कधी, ते मला नेमकं माहीत आहे. बालवाडीला उशीर झाला होता. मी घाईत तिला उचललं आणि उंबऱ्यापलीकडे ठेवलं. ठेवल्यावर चूक लक्षात आली. मी तिथेच थांबले, आता ही परत फिरणार, बसणार, वळणार. ती थांबली नाही. पाण्याची बाटली सावरत तशीच पुढे गेली, आणि वळून म्हणाली, "आई, चल ना, लवकर!" मी उंबऱ्याच्या अलीकडेच होते.

परवा इंदूरहून फोन आला. मागे नातवाचा दंगा चालला होता. मुलगी नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

"आई, आता बाळाचं दूध सोडवायचं म्हणते. तू आजीचं ते सांगायचीस ना, कडुनिंबाचं, ते करू?"

"कर की."

"पण आई... सोडवायचं तर आहेच, पर मन नहीं होता."

"मी येऊ का? संध्याकाळच्या गाडीनं निघते."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नको. मीच करते."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तोच आवाज. केळं सालीसकट खाणारा. इतक्या वर्षांत मी त्या बाईशी बोलले नव्हते.

"बरं," मी म्हटलं. "कर. फक्त एक ओलं फडकं जवळ ठेव. त्याच्या हाताला लागेल असं."

"त्याच्या हाताला? कशाला?"

"असू दे," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.