दार नसलेल्या घरातला मतदार

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. येतो तसा तो जातोही. पण विधानसभेच्या मागच्या निवडणुकीत आलेला राग अजून उतरलेला नाही. त्यातला अर्धा माझ्यावरचाच आहे, म्हणून तो कुणावर काढताही येत नाही.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात सरकार माझ्याकडून मतदार सांभाळून घेतं. त्या कामाला बीएलओ म्हणतात. एका मतदान केंद्राची यादी तुमच्या गळ्यात मारलेली असते आणि तिची राखण तुम्ही करायची. घरोघर जायचं, कोण वारलं, कोण नवीन राहायला आलं, कुणाला अठरा पूर्ण झाली, कोणती मुलगी लग्न होऊन गेली, सगळं लिहायचं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात भर उन्हात चार मजले चढायचे आणि अर्ध्या उघड्या दारातून ऐकायचं, "आत्ता नको ना मॅडम, कुकर लावलाय." ठाण्यातल्या वर्तकनगरचा आमचा भाग बारा वर्षं माझ्याकडे आहे. मी राहतेही तिथेच. कुठल्या घरातलं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरातला माणूस, दोन्ही मला पाठ आहे.

त्या भागातल्या एका जुन्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या माळ्यावर, काका राहायचे. काका म्हणजे माझे नात्याने कुणी नव्हेत. त्यांची मुलगी माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली, तेव्हापासून मी त्यांना काका म्हणते आणि ते मला बाई. एका कंपनीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली. बाहेरच्या खोलीत घटनेची उद्देशिका फ्रेम करून लावलेली, तिच्यावर कधी धूळ दिसायची नाही. मतदानाच्या दिवशी हा माणूस पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून, पौर्णिमेला विहारात जाताना घालतात तसा, सातच्या आधी रांगेत पहिला उभा असायचा. एकदा मी म्हटलं, "काका, एवढी घाई कशाला? मशीन काय पळून जातंय?" ते म्हणाले, "बाई, माझ्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर शेवटी उभं राहून कुणी पाणी वाढेपर्यंत थांबायला लागायचं. मी पहिला उभा राहतो. मागून साहेब आला तर साहेब मागे."

मग ती इमारत पुनर्विकासाला गेली. सगळ्यांनी घरं रिकामी केली आणि मिळेल तिथे भाड्याने गेले. कुणी डोंबिवलीला, कुणी कल्याणला खाडीच्या बाजूला. काका कल्याणजवळच्या मोहन्याला, लेकीकडे, जिथे जुनी रेयॉनची कंपनी होती त्या बाजूला. जाताना लोकांनी दारंसुद्धा काढून नेली. सागवानी दारं, बिल्डरला फुकट कोण सोडणार? त्यामुळे पाडापाडी सुरू व्हायच्या आधी महिनाभर ती इमारत सगळ्या माळ्यांवर उघडी पडली होती. रस्त्यावरून कुणाच्याही स्वयंपाकघरातल्या फरशा दिसायच्या. नंतर भोवती पत्रे ठोकले आणि त्यावर नव्या टॉवरचं चित्र लागलं.

जायच्या आधी काका माझ्याकडे आले होते. पत्ता बदलला की आठ नंबरचा फॉर्म भरून नाव नव्या ठिकाणी नेता येतं, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांना तो भरायचा नव्हता.

"मी मोहन्याचा मतदार झालो तर उद्या बिल्डर म्हणेल, हे तर मोहन्याचे, यांचा इथे काय संबंध? मग मी काय करू?"

ही भीती त्या इमारतीत घरोघर होती. कुणीही रेशनकार्ड हलवलं नव्हतं, आधार बदललं नव्हतं, एकाने तर बँकेतलाही जुनाच पत्ता ठेवला होता. इमारत पाडली तरी कागदावर ती उभी राहिली पाहिजे, असा सगळ्यांचा हिशेब. वेडेपणा म्हणून मी हसले नाही, कारण आमच्याकडे अशा इमारतींतली माणसं घरी परतायची वाट बघून थकलेली मी पाहिली आहेत. मी काकांना म्हटलं, "नका भरू फॉर्म. तात्पुरतं बाहेर गेल्याने नाव जात नसतं. मी आहे ना."

मी आहे ना! एवढी घमेंड मला कुठून आली होती, कोण जाणे.

काही महिन्यांनी याद्यांची तपासणी निघाली. वर बसलेल्या साहेबांना आकडे हवे होते आणि ते रोज संध्याकाळी ग्रुपवर मागितले जात. मी त्या इमारतीपुढे "पुनर्विकास सुरू, रहिवासी तात्पुरते बाहेर" असं लिहून दिलं. सुपरवायझरचा फोन आला.

"मॅडम, तिथे पत्रे आहेत. पत्र्यात कोण राहतं?"

"साहेब, परत येणार आहेत सगळे."

"आले की नाव घालू. आत्ता ॲपमध्ये कारण टाका आणि मोकळ्या व्हा. नाहीतर कारणे दाखवा नोटीस तुम्हाला येईल, मला नाही."

ॲपमध्ये 'तात्पुरते बाहेर' असा पर्यायच नव्हता. मयत, स्थलांतरित, दुबार, आढळले नाही. यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ज्याने हे ॲप बनवलं तो माणूस कधी ठाण्यात राहिला नसावा. इथे दर दुसऱ्या गल्लीत एक इमारत पाडून ठेवलेली आहे आणि तिची माणसं कुठेतरी दिवस काढताहेत. त्यांच्यासाठी एक शब्द ठेवायला काय झालं होतं?

काकांच्या नावाशी येऊन मी थांबले. 'स्थलांतरित' टाकलं तर सरकारी कागदावर त्यांनी घर सोडल्याची नोंद होणार. त्यांना जी भीती होती तीच. म्हणून मी, बारा वर्षांच्या अनुभवाची हुशार बाई, 'आढळले नाही' निवडलं. मला वाटलं, हे सौम्य आहे. नोटीस निघेल, सुनावणी होईल, तिथे मी उभी राहून सांगेन की माणूस आहे, मोहन्याला आहे, परत येणार आहे.

नोटीस निघाली. नियमाप्रमाणे ती घराच्या दारावर चिकटवायची असते. दार मोहन्याला होतं. मी ती पत्र्यावर चिकटवली, त्या टॉवरच्या चित्राशेजारी, मोबाईलवर फोटो काढला आणि अपलोड केला. पोस्टाने पाठवलेली प्रत 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आली असणार. दोनच दिवसांनी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर माझ्या नोटिशीवर चढला, इस्त्रीच्या कुर्त्यातला, हात जोडलेला. सुनावणीला मला कुणी बोलावलंच नाही. मी आठवण केली नाही. शाळेत परीक्षा होत्या, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दिवाळी आली आणि दिवाळीबरोबर प्रचार. काकांच्या मुलीचा फोन आला, हसत होती. "बाई, उमेदवाराचं उटणं आलं आमच्याकडे. घरपोच! पप्पांचं नाव घालून, फोटोवालं पाकीट. वर रोज फोन येतो, नमस्कार, मी तुमचाच सेवक बोलतोय."

"कुठल्या उमेदवाराचं? कल्याणच्या?"

"नाही ना. ठाण्याच्या. आपल्या तिकडच्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथे. सरकारला जो माणूस सापडत नव्हता, तो उमेदवाराला उटण्यासकट सापडला होता. लेकीच्या चाळीपर्यंत, खोलीच्या नंबरापर्यंत. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूचंही कॅलेंडर पोचलं. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी त्या इमारतीतल्या प्रत्येक घराचा नवा पत्ता काढला होता. आमच्या वॉर्डातली एक कार्यकर्ती मला बाजारात भेटली, तिने मोबाईलमध्ये यादीच दाखवली. "हे बघा मॅडम, हे डोंबिवलीत, हे दोघे भाऊ कल्याणला, हे काका मोहन्याला. गाडी पाठवणार आहोत आम्ही." मी विचारलं, "ही माणसं मतदार यादीत आहेत का, ते बघितलंत?" ती म्हणाली, "असणारच ना. जुने मतदार आहेत." यादी तपासायला आणि हरकत घ्यायला सगळ्या पक्षांना वेळ दिलेला असतो. त्या वेळात हे लोक बॅनर लावत होते. ज्याला त्याला मतदार हवा, त्याचं नाव राहिलंय की गेलंय, याची पडलेली कुणालाच नाही.

आणि मला तरी कुठे होती? मतदानाच्या आठवड्यात वाटायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात आला तेव्हा मी तो दोनदा उलटसुलट केला. त्या इमारतीची एकही चिठ्ठी त्यात नव्हती. तेव्हा नवीन नाव घालायची मुदत कधीच संपली होती. मी काकांना फोन करायला हवा होता. नंबर लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आधी बंद केला. त्यांचं वय झालंय, कदाचित येणारही नाहीत, असा नीच विचार माझ्या मनात आला आणि मला त्याने बरं वाटलं. लपवून काय उपयोग?

मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आवारात माझं टेबल होतं, यादीत नाव शोधून द्यायला. सातला थोडी मिनिटं असताना काका फाटकातून आत आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट. पहाटे मोहन्याहून निघाले असणार. बाहेर लांबवर पक्षांची टेबलं होती, तिथे त्यांना गाडीतून उतरवून गाडी पुढच्या माणसांना आणायला गेली होती.

"बाई, बाहेरच्या पोरींना मोबाईलमध्ये माझं नाव दिसेना. म्हणाल्या, आत विचारा. मी म्हटलं, आत आमच्या बाईच आहेत."

मला सगळं माहीत होतं. तरी मी यादी उघडली आणि पानं उलटत राहिले. बोट एकेका नावावरून फिरवत राहिले. त्यांच्या मागे रांग वाढायला लागली तेव्हा मी म्हटलं, "काका, आत चला, साहेबांना विचारू."

केंद्राध्यक्ष बाहेरगावचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी यादीची पुरवणी काढली आणि शेवटचं पान आमच्याकडे फिरवलं. "नाव आहे. पण वगळलेल्यांत आहे. कारण, आढळले नाही."

काका हसले. त्यांना वाटलं, काहीतरी साधी गफलत आहे. "साहेब, या बाईंना विचारा ना. कित्येक वर्षं ओळखतात मला."

"ओळखता तुम्ही यांना?"

"हो."

"मग ही नोंद कुणी केली?"

"मी," मी म्हटलं.

आम्ही बाहेर आलो. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. ॲप, पर्याय, सुपरवायझर, त्यांचं घर जाऊ नये म्हणून केलेली माझी निवड. बोलताना मला स्वतःचाच आवाज शाळेत उशिरा येणाऱ्या मुलाच्या आईसारखा वाटत होता. काका ऐकत होते.

"म्हणजे माझ्या घरासाठी केलंत," ते शेवटी म्हणाले.

"हो, काका."

"मग एक करा. मी आज इथे आलो होतो, एवढं लिहून द्या. तारीख टाका, सही करा. कारण उद्या बिल्डरने हाच कागद काढला आणि म्हणाला, हा माणूस तर सरकारलाच सापडला नाही, हा आहे तरी का, तर मी काय दाखवू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'स्थलांतरित' लिहिलं असतं तर ते निदान कुठेतरी असते. मी त्यांना कुठेच ठेवलं नव्हतं. मत गेलं होतं आणि घराच्या दाव्याला मीच स्वतःच्या हाताने भोक पाडलं होतं.

"ड्युटीवर असताना मला असं लिहून देता येत नाही," मी म्हटलं. "ऑफिसची परवानगी लागते. तुम्ही नवीन फॉर्म भरा, मी तुमचं नाव पुन्हा…"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "तुमची नोकरी आहे."

आणि ते रांगेच्या कडेकडेने, लोकांना वाट देत, फाटकाकडे चालू लागले. बरोबर काय होतं त्यात, काका? तुम्ही आरडाओरडा का नाही केलात? त्या उमेदवारांच्या टेबलांवर जाऊन, माझ्या टेबलावर हात आपटून, चार माणसं का नाही जमवलीत? मी तर तुमच्यावरही चिडते अजून. पण दोन ओळी लिहायच्या होत्या. पेन माझ्या हातात होतं, कोरा कागद टेबलावर होता, आणि न आढळलेला माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी लिहिलं नाही.