साहेबांकडे गेलेली गोधडी

पिंपरीत नवा कारखाना आला तेव्हा कंपनीने कॉलनीजवळ एक छोटा तलाव बांधला आणि भोवती बाग केली. तलावाचे काठ उतरते, दगडी, गुळगुळीत. साहेब लोकांना वाटले, शोभा आली. माझ्या सासूबाईंना वाटले, धुण्याची सोय झाली.

घट बसायच्या आत घरातली प्रत्येक गोधडी धुतलीच पाहिजे, हा त्यांचा नेम. पवना नदीला अजून गढूळ पाणी होते आणि घट उद्यावर आलेले. म्हणून सर्वपित्री अमावास्येला सकाळीच आम्ही दोघी गोधड्यांचे गाठोडे घेऊन तलावावर गेलो. आमचे पाहून निम्मी कॉलनी आली. बागेचे उद्घाटन त्याच दुपारी होते, हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. पण अमावास्येला कोणी उद्घाटन करील यावर आम्हा बायकांचा विश्वासच बसला नव्हता.

आमचे हे तेव्हा कंपनीत कायम व्हायचे होते. मोठ्या साहेबांना हार घालायचे काम त्यांच्याकडे होते. हार घेऊन आले, तर हिरवळीवर, बाकांवर, मेंदीच्या कुंपणावर गोधड्याच गोधड्या.

"आई, उचल हे सगळं. माझी नोकरी जाईल."

"वली गोधडी हाय. तू उचलून दाव."

त्यांनी एक उचलून पाहिली. ती हलली नाही, हार तेवढा भिजला. तोवर मोटार आली.

साहेबांनी ओला हार घालून घेतला, तलावाच्या काठावर पाऊल टाकले आणि आमच्या साबणावरून घसरून बसल्या बसल्या कमरेइतक्या पाण्यात गेले. कोणी हसले नाही; प्रत्येकीचा नवरा तिथे उभा होता. सासूबाईंनी लुगडे खोचले, आत उतरून त्यांना दंडाला धरून बाहेर काढले.

"लागलं का रं बाबा?"

साहेबांची पँट अंगाला चिकटली होती. सासूबाईंनी एकुलती एक वाळलेली गोधडी, आमची सगळ्यात मऊ, त्यांच्या कमरेला गुंडाळली.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारले.

सगळ्यांनी एकदम आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवले. साहेबांनी ह्यांच्याकडे नीट पाहून घेतले आणि गोधडीसकट मोटारीत बसले.

दिवाळीआधी हे कायम झाले. तलावाला तारेचे कुंपण आले, बाहेर धुण्यासाठी दगडही टाकून मिळाले. गोधडी मात्र परत आली नाही, आणि सासूबाईंनी ती कधी मागितली नाही. फक्त दरवर्षी पितृपक्ष संपत आला की ह्यांना बजावत, "सायबाला सांग, घट बसायच्या आत धुऊन घ्या म्हणावं."

हे "सांगतो" म्हणत, आणि डबा उचलून शिफ्टला जात.