शेवटच्या टेबलाची केबल

विद्यापीठाच्या नेटवर्क प्रयोगशाळेत तिला सगळे वायरमावशी म्हणत. पोरं म्हणत, सर म्हणत, शिपाईही म्हणत. खरी मावशी ती एकाच मुलीची होती, आणि ती मुलगी गेली सहा वर्षं तिच्याशी बोलत नव्हती.

काम सहायकाचं. केबल कापायची, आतल्या आठ बारीक तारा सरळ करायच्या, प्लास्टिकच्या टोपीत सारून पक्कडीने दाबायच्या. पहिल्याच आठवड्यात कुणालातरी करताना तिने पाहिलं. बाकीचं स्वतःच्या डोक्याने जमवलं. तारा चार रंगांच्या जोड्यांनी येतात. तिने जोडीशेजारी जोडी बसवली, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, कपाटात टॉवेल लावावेत तशी. दोन्ही टोकांना तोच क्रम. तपासायच्या डबीवर आठही दिवे ओळीने लागत. "माझी केबल कधी परत आलेली नाही," असं ती नव्या माणसाला पहिल्या दिवशीच ऐकवून टाकी.

बढतीला पदवी लागते म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिलाच विषय नेटवर्कची मूलतत्त्वं. "आता आम्हाला तुम्हीच शिकवा," म्हणून पोरांनी चेष्टा केली. तीही खुशीत होती.

तिसऱ्या तासाला सरांनी फळ्यावर आठ रेघा काढल्या. "हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी लावायच्या नाहीत. त्यांच्या मधे निळी जोडी. शेजारी लावल्या तर काय होईल?"

"केबल चालणार नाही, सर."

"चालेल! तीच तर मेख आहे. आखूड असेल तर मजेत चालेल, डबीवर दिवेही लागतील. पण एकाच कामाच्या दोन तारा वेगळ्या जोड्यांत पडल्या की लांब केबलमध्ये शेजारणींचा कालवा त्यांना ऐकू यायला लागतो. संदेश वाटेत गळतात. आणि आपण संगणकाला शिव्या देत बसतो."

वर्ग हसला. वायरमावशीचं पेन वहीवर होतं तिथेच राहिलं. प्रयोगशाळेत लांब केबल एकच होती. भिंतीच्या कडेकडेने पार शेवटच्या टेबलापर्यंत गेलेली.

सहा वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत भाची त्याच टेबलावर होती. दोन संगणक एकमेकांशी बोलते करायचे, एवढंच काम. एकदा उत्तर यायचं, तीनदा नाही.

"मावशी, केबल बदलून दे ना. हिचे रंगसुद्धा पुस्तकातल्यासारखे नाहीत."

बाहेरून आलेले परीक्षक बघत होते. भाचीची बाजू घेते म्हणतील, हे एक. आणि माझ्या केबलला नावं ठेवते, हे दुसरं. तिने डबी आणून दिवे लावून दाखवले. "पुस्तकं वाचून तारा जोडता येत नाहीत, बाई. त्याला हात लागतो."

सगळे हसले. परीक्षकांनी नापास लिहिलं. फेरपरीक्षेला क्रमांकाने तेच टेबल आलं, निकालही तोच. त्यानंतर भाचीने शिक्षणच सोडलं. बहीण म्हणाली, "तुझ्या भरवशावर घातलं होतं गं तिला."

सरांच्या त्या तासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या केबलचं टोक कापलं, विभागप्रमुखांना सगळं लेखी दिलं आणि अर्धी रजा टाकून भाची जिथे काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात गेली.

भाचीने वर न बघताच विचारलं, "नंबर काढायचाय?" मग बघितलं.

वायरमावशीने ते टोक काउंटरवर ठेवलं. काय बोलायचं ते वाटेत घोकून आली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. "तुझं बरोबर होतं," एवढंच निघालं. मग फळ्यावरच्या त्या आठ रेघा, गळणारे संदेश, सगळं अडखळत सांगितलं.

भाचीने टोक उजेडात धरलं. "हिरवी आणि हिरवी. शेजारी शेजारी. मी तेव्हाच पाहिलं होतं."

"मी विभागप्रमुखांना लिहून दिलंय."

"मग?"

"म्हणाले, सहा वर्षांपूर्वीचा निकाल आता बदलत नाही. केबल बदलून टाका."

भाची हसली, पण नीट नाही. "घरातलं इंटरनेट बंद पडलं ना, की मी हात लावत नाही. नवरा बघतो. त्याला काही कळत नाही त्यातलं, पण तोच बघतो. मला वाटायचं, आपल्याला तो हातच नाही. तू म्हणाली होतीस ना चारचौघांत."

"अगं, मी..."

"तू नुसतं बदलून दिली असतीस तर? पाच मिनिटांचं काम होतं."

"पाच नाही," वायरमावशी म्हणाली. "दोनच."

दार उघडून एक गिऱ्हाईक आत आलं. भाचीने ते टोक परत तिच्या हातात ठेवलं, फडक्याने काच पुसली आणि म्हणाली, "मावशी, जरा बाजूला होता का?"

सहा वर्षांनी तिने मावशी म्हटलं होतं. दुकानात येणाऱ्या कुठल्याही बाईला म्हणावं, तसं.

वायरमावशी बाजूला झाली.