पायांवरून ओळख

आमच्या सुनेला रीत म्हणून नाही. जेवायला वाढताना गळ्यातली दुर्बीण तशीच लोंबत असते, एखाद्या दिवशी आमटीत बुडेल. मी काही सांगायला लागले की "हो आत्या, हो आत्या" करते आणि डोळे माझ्या डोक्यावरून आभाळात. वरून काही उडत गेलं की समोर सासू बसलीय की मेलीय, तिला पत्ता नसतो. मग कॅमेऱ्यात बघून बोटानं चित्र मोठं करणार, चोच बघणार, शेपूट बघणार, आणि मलाच सांगणार की हा अमुक पक्षी. मी ह्या धरणाच्या काठावर म्हातारी झाले, मला सांगते.

आम्ही भोई, मासे धरणारी माणसं. आता हिवाळा आला की शहरातली माणसं कॅमेऱ्याच्या ह्या एवढ्या नळ्या घेऊन येतात, त्यांना बोटीतून पक्षी दाखवायचे. मुलगा ट्रकवर असतो, महिना महिना बाहेर. बोट सून चालवते, वैजंता. बरी चालवते, पण हे मी तिच्या तोंडावर म्हणणार नाही.

आज जेवताना तिनं सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. "आत्या, उद्या सकाळी पाहुण्यांना जुन्या गावाकडं नेते. औंदा पाणी लवकर उतरलंय, भिंती उघड्या पडायला लागल्यात. त्यांच्यावर रोहित पक्ष्यांची रांगच्या रांग उभी असते. जवळून फोटो मिळतील."

जुनं गाव म्हणजे धरणात बुडालेलं आमचं गाव. माझे मालक दोन हिवाळ्यांमागं तिथंच गेले. बोट गाळात रुतली होती आणि समोर रोहित पाण्यात उभे होते. लांब पायांचा पक्षी उभा आहे म्हणजे पाणी गुडघाभर, हा आमचा जुना अंदाज. त्याच अंदाजावर ते जन्मभर खाली उतरून बोट ढकलत आले. त्या दिवशी पक्षी पाटलाच्या बुडालेल्या विहिरीच्या कठड्यावर उभे होते. मालक उतरले ते विहिरीत.

हे ठाऊक असून ही बाई तिथं जाणार. मी ताट सरकवलं आणि अंगणात जाळ्यांच्या ढिगावर कलंडले. भांडण मनात नीट रचायचं आणि मग उठायचं, असं ठरवून.

थंडीतलं ऊन पापण्यांवर बसतं. जाळ्यांना गाळाचा वास आहे. मोरीत वैजंता भांडी घासतेय, त्याची खरखर ऐकू येते. मग खरखर ओली होते, बोटीच्या बुडाला पाणी लागावं तशी चुळुक चुळुक. माझे डोळे मिटलेले आहेत, तरी मला अंगण दिसतंय. तुळशीपाशी एसटी उभी आहे. पाटीवर गावाचं नाव नाही, पण मला माहीत आहे ती कुठं जाते. मी चढते. बाक ओला आहे. खिडकीच्या काचेपलीकडून एक मरळ मासा आमच्या बरोबरीनं चाललाय, सावकाश, माझ्याकडं बघत.

मी चुलीपुढं बसले आहे. ही माझी जुनी चूल, गाव बुडायच्या आधीची. मी लिंपलेली, माझ्या बोटांच्या रेघा अजून तिच्यावर आहेत. भिंतीला टेकून मालक बसलेत. अंगात त्या दिवशीचाच तपकिरी स्वेटर. मला बरं वाटायला हवं, पण त्यांचे केस हलतायत. घरात वारा नाही आणि केस हलतायत, शेवाळासारखे.

"आलीस?" ते म्हणतात. "चहा टाक."

मेलेल्या माणसानं मागितलं तर द्यायचं नाही, हे आईनं मला लहानपणीच शिकवलंय. "दूध नासलंय," मी म्हणते.

"तुझ्या घरचं कधी चांगलं होतं?" ते हसतात. हसता हसता त्यांच्या तोंडातून बुडबुडे निघतात आणि वर जातात.

बुडबुड्यांमागं मी वर बघते. वर छप्पर नाही. वर पाणी आहे, त्याच्यावर ऊन पडलंय आणि ते कंदिलाच्या काचेसारखं हलतंय. भिंतींच्या माथ्यावर पाय उभे आहेत, नुसते पाय. अंगं पाण्याच्या वर राहिलीत, ती दिसत नाहीत.

"ओळख पाहू," मालक म्हणतात. पाहुण्यांना बोटीत असंच विचारायचे, मिशीत हसत. "पायांवरून ओळख. हे गुलाबी, मधे गाठ असलेले?"

"रोहित."

"ते काळे, फताडे?"

"चमच्या."

"आणि ते लाल, काडीसारखे?"

"शेकाट्या. मला काय विचारता, मी काय पाहुणी आहे?"

वरून खटखट ऐकू येते, कॅमेऱ्यांची. पुष्कळ कॅमेरे एकदम. मग उजेड झाकला जातो आणि बोटीचं काळं बूड आमच्या स्वयंपाकघरावर येऊन थांबतं. घासतं. अडकतं. बोटीच्या कडेवरून एक पाय खाली येतो. टाचेला भेगा आहेत. पैंजण आहे. बोटात मासोळ्या आहेत, आणि अंगठ्याशेजारचं बोट जरा वाकडं, बोटीचा नांगर पडून मोडलं होतं ते. त्या बोटाला हळद मीच बांधली होती.

पाय पाणी चाचपतो. खाली उतरू बघतो.

"हा कोण?" मालक विचारतात. "हा नाही मला ओळखता येत. नाव सांग."

मेलेल्याला जित्याचं नाव कळू द्यायचं नाही. नाव कळलं की ते हाक मारतात आणि हाकेला ओ दिली की माणूस गेलं.

"चित्रबलाक," मी म्हणते.

"चित्रबलाकाला पैंजण?"

"घातलं असेल कुणी. शहरातले शिकलेले लोक हल्ली पक्ष्यांच्या पायांत कड्या घालतात."

"घालतात खरं." ते विचारात पडतात. पाण्यात त्यांच्या डोळ्यांवर पापण्या पडत नाहीत, हे मला आत्ता दिसतं. "पण हा पाय ओळखीचा वाटतो गं. आपल्या घरातला. भ्यायलीय बघ. नाव सांग, मी हाक मारून हात देतो. गुडघाभरच तर आहे."

"कुठाय गुडघाभर? मान वर करून बघा तरी!"

"रोहित उभे आहेत ना?" मालक म्हणतात, एखाद्या लेकराला समजवावं तसं. "उभे आहेत म्हणजे गुडघाभर."

तेव्हा मला खरी भीती वाटते. त्यांना अजून कळलेलंच नाही. दोन हिवाळे ते इथं बसलेत आणि त्यांना वाटतंय, आपण आत्ताच उतरलोय.

ते उठत नाहीत, नुसते वर येतात. हात लांब होतो, त्या पायाकडं जातो. चुलीमागं बोटीची काठी टेकवलेली आहे, बांबूची, लांबलचक. मी ती उचलते. तिचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत आहे. कधी धरलं, दिसलं नाही.

"सोड गं."

"नाही सोडत."

"जन्मभर माझं ऐकलं नाहीस."

"म्हणून घर चाललं!"

ते ओढतात. बांबूतून गारठा माझ्या हातात चढतो, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. मला वर ओरडायचंय की पाय घे वर, पण तोंड उघडलं की पहिलं तिचं नावच येईल. मी दात आवळून धरते, आणि होतं नव्हतं ते बळ लावून काठी वर हाणते. ठोक. बोटीच्या बुडाला. ठोक, ठोक.

पाय थबकतो. वर जातो. आणि सगळे पाय एकदम वर ओढले जातात, गुलाबी, काळे, लाल, सगळे. पंखांचा गडगडाट होतो. पाणी रिकामं होतं. स्वयंपाकघरात अंधार उतरतो आणि त्या अंधारात मला मालकांचं तोंड तेवढं दिसतं.

"कुणी उतरतच नाही खाली," ते म्हणतात. "मी केव्हाचा बसलोय."

रडावंसं वाटतं. पण रडले तर हात सैल पडेल.

"मी येईन तेव्हा येईन," मी म्हणते. "मधे कुणाला बोलवायचं नाही. ऐकलंत? कुणालाही नाही."

ते काठी सोडत नाहीत. चुलीतली राख उठते, पाण्यात पसरते, माझ्या डोळ्यांत जाते.

"आत्या! आत्या, अहो उठा, काय झालं?"

वैजंता मला हलवतेय. ऊन भिंतीवर गेलंय. माझी दातखीळ सुटत नाही. ती माझी मूठ उघडू बघते. "केवढी आवळलीत! आणि हे काय लागलं?"

तळहातात बांबूची सळ घुसलीय. लांब, काळी, भिजून कुजलेली, तिच्यावर हिरवं शेवाळ. दोन वर्षं झाली, घरात बांबूचं काही नाही. बोटीला इंजिन आहे. जाळी नायलॉनची आहेत.

"कुठली ही?" वैजंता विचारते. तिनं माझा हात मांडीवर घेतलाय. मंगळसूत्रातल्या पिनेनं सळ उकरतेय, फुंकर घालतेय. पहिल्यांदाच तिचे डोळे आभाळात नाहीत. सळ निघते. तिच्या मागोमाग पाण्याचा एक थेंब येतो, गार, गाळाच्या वासाचा. मग रक्त.

मी तिच्या पायांकडं बघते. कोरडे आहेत. टाचांच्या भेगांत अंगणातली माती आहे. मी हात लावून बघते, ऊबही आहे.

"आत्या, पाय काय धरताय माझे!"

"गप बस, वैजंता. नीट ऐक, मान हलवू नकोस. तुला पक्षी कळतो, पाणी कळत नाही. जुन्या गावात तुझी बोट जाणार नाही. उद्या नाही आणि मी जिवंत आहे तोवर नाही. पाहुणे चिडले तर चिडू देत. त्यांना म्हणावं, सासू कजाग आहे, आडवी आली. खुशाल माझं नाव सांग."