पाण्याचा स्रोत: नाही

उभी नोकरी मी कारखान्यांसाठी जागा बघण्यात घालवली. छापील फॉर्म असायचा. वस्ती किती लांब, वारा कुठून, जवळ पाण्याचा स्रोत आहे का. जवळ नाला असला की रसायनाचा कारखाना तिथं नको, इतका साधा नियम.

पैठणच्या वाटेवरची ती जागा नेमकी माझ्या आक्काच्या गावाला लागून. सलग तिसरा दुष्काळ. कोरड्या नाल्यात गुरं बसायची, आक्काच्या विहिरीत तळाचे दगड दिसायचे. मी फॉर्म काढला तशी माणसं गोळा झाली. त्या वर्षांत कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे टँकरचा साहेब, आणि त्याला काय सांगायचं हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. मी म्हटलं, बाबांनो, हे टँकरचं नाही, कारखान्याचं आहे. तरी आक्काच पुढं झाली.

"लिव, पाण्याचा टिपूस नाय. दुसरं काही लिवलं अन् टँकर बंद झाला तर?"

मला तो नाला चांगला माहीत होता. तिच्या पहिल्या पंचमीला मी तिला माहेरी न्यायला गेलो, तेव्हा पाणी उतरेपर्यंत अलीकडंच बसून राहिलो होतो. तरी लिहिलं, 'नाही'. खाली गावाच्या सह्या घेतल्या. याला चूक म्हणायची मला लाज वाटते. हरामखोरी होती ती. त्या उन्हात दुसरी जागा शोधायचा कंटाळा आला होता मला.

कारखाना उभा राहिला आणि मग पाऊस लई झाला. नाला वाहिला, कारखान्याचं पाणी घेऊन. आक्काची विहीर काठोकाठ भरली, पण वर तांबूस तवंग अन् औषधाचा वास. म्हशी तोंड लावून मागं सरायच्या. प्यायला टँकरच.

तोवर मी रिटायर झालो होतो. जुन्या ऑफिसात खेटे घातले, हातापाया पडलो. नव्या साहेबानं माझाच फॉर्म पुढं सरकवला. "काका, सही तुमचीच ना?"

गेल्या महिन्यात टँकरची पाहणी झाली. आलेला माणूस विहिरीत डोकावला, "तुडुंब आहे की," म्हणाला आणि तसं लिहून गेला. दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद.

मी धावत गेलो. आक्का रिकाम्या हंड्यापाशी बसली होती. वाटलं, शिव्या देईल. तिनं माझा हात धरला.

"अरे, तू परत लिव ना, पाणी नाय म्हणून. तुझं लिवलेलं चालतं."