पाच देऊळगावं

कडूबा मास्तर आमच्या मेहकर तालुक्यातल्या देऊळगाव माळीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. सुट्टीच्या दिवशी आधी सायकलवर आणि पुढे लुनावर ते गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत जायचे आणि तिथल्या गायन पार्ट्यांची भीमगीतं वहीत उतरवून घ्यायचे. ही छापील गाणी नव्हेत. त्या त्या गावच्या मजुरांनी, आयाबायांनी जुळवलेली, जयंतीला रात्रभर म्हटलेली.

एका बंद पडलेल्या संस्थेच्या लिलावातून त्यांनी दोन कॉम्प्युटर आणले. त्यांवर ओएस-टू नावाची प्रणाली होती. ती आज जिल्ह्यात आणखी कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. मास्तरांनी जाडजूड पुस्तक वाचून ती शिकून घेतली, एका बोटाने त्रेचाळीस गावांची गाणी टाईप केली आणि वाळवी लागलेल्या वह्या जाळून टाकल्या.

"पंचवीस वर्षं माह्यापेक्षा त्या डब्ब्याकडंच जास्त पाह्यलं यायनं," असं त्यांच्या पत्नी, रुख्मिणीबाई, आल्यागेल्याला सांगतात.

यंदा पहिला कॉम्प्युटर करकर वाजू लागला. डिस्क जायला आली होती. दुसरा धडधाकट होता. याच्यातली गाणी त्याच्यात न्यायची, एवढंच काम. माझी मुलगी महामाया मेहकरच्या कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवते. मास्तरांनी तिला बोलावलं. तिने एखादी गोष्ट हातात घेतली की तिचं जेवणखाण सुटतं, म्हणून दर रविवारी डबा घेऊन मीही बसने तिच्यासोबत जाऊ लागले.

एवढ्याशा कामाने तीन रविवार खाल्ले. फ्लॉप्यांना बुरशी आलेली. डिस्क काढून आजच्या कॉम्प्युटरला लावली तर त्याला ती दिसेचना. शेवटी दोन्ही कॉम्प्युटरच्या पाठीत एक केबल लावली आणि मुंगीच्या चालीने फायली सरकू लागल्या. मधेच लाईन तुटायची. तुटलेली फाईल पुन्हा पाठवली की दुसरा कॉम्प्युटर विचारायचा, या नावाची फाईल आहे, तिच्यावर लिहू का? आणि कुणी बटण दाबेपर्यंत ढिम्म थांबून राहायचा. आम्ही चहा पिऊन यावं तर स्वारी अर्ध्या तासापासून तोच प्रश्न घेऊन बसलेली.

तिसऱ्या रविवारी महामाया वैतागली. "विचारतो काय सारखा! लिही बाबा, लिही," म्हणत तिने ते विचारणंच बंद करून टाकलं. दुपारी चारला पहिल्या कॉम्प्युटरवर आलं, त्रेचाळीस फायली पाठवल्या, चूक नाही.

"तिकडे पोचल्या का, मोजून घे," मी म्हटलं.

"आई, तो स्वतः सांगतोय ना त्रेचाळीस!"

सांगत होता पाठवणारा. घेणाऱ्याकडे कुणीच मोजलं नाही.

आठ दिवसांनी महामायाला मास्तरांचा फोन आला. "जय भीम. काऊन वं बाई, मही कुठं गेली?"

आमच्या जिल्ह्यात देऊळगावं किती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव माळी, देऊळगाव साकर्शा, देऊळगाव कुंडपाळ. आम्ही लोक बोलताना मागचाच शब्द घेतो. पोरगी महीला दिली, बस साकर्शाला चालली. त्यामुळे आमचा कधी घोटाळा होत नाही. पण दुसऱ्या कॉम्प्युटरची डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली होती. तिला फाईलच्या नावाची पहिली आठच अक्षरं कळायची, आणि इंग्रजीत देऊळगाव नेमकं आठ अक्षरांचं. पाचही गावांचं नाव एकच झालं. कुंडपाळवर मही बसली, महीवर माळी, माळीवर राजा आणि सगळ्यांवर साकर्शा; उरली ती तेवढीच. विचारायचं तर आपणच बंद केलेलं. महामायाने फोन ठेवला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी तिने ताट लोटून दिलं, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आम्ही गेलो. पहिला कॉम्प्युटर दहा वेळा बंद-चालू केल्यावर एकदाचा लागला. डिस्क चाक निसटल्यासारखी खडखडत होती. महामायाने झटपट चारही फायलींना वेगळी, आखूड नावं दिली.

"आजोबा, चारही होतीलच असं नाही. पहिली कोणती घेऊ?"

"आपली, माळीची, घ्या ना पयले," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "गावात तोंड दाखवा लागते."

"आपली मले पाठ हायेत," मास्तर म्हणाले. "कुंडपाळची घे. त्या पार्टीतलं आता कोणीच नाही राह्यलं. मंग राजा, मंग मही."

कुंडपाळ पलीकडे गेलं. मी मागून म्हटलं, "उघडून बघ, शेवटच्या गाण्यापर्यंत." तिने उघडून पाहिलं. राजा गेलं. मी पुन्हा तेच म्हटलं. महीलाही म्हटलं. फाईल उघडायची तर घेणाऱ्या कॉम्प्युटरवरचा घेण्याचा प्रोग्राम थांबवावा लागायचा, त्यामुळे बघेपर्यंत केबल रिकामी. माळी निम्म्यावर असताना डिस्क टक् करून थांबली. निम्मी फाईल उघडतही नाही. त्यानंतर पंखा लावला, उपडी केली, रात्रभर थंड ठेवून पुढच्या रविवारी पुन्हा लावली. नाहीच. माझ्या त्या बघण्यात दोन-तीन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात माळी पुरं झालं असतं. महामायाने बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

आता मास्तर खुर्चीत बसून सांगतात आणि ती टाईप करते. माळीची एक्केचाळीस गाणी होती. पहिली अठरा त्यांनी धडाधड सांगितली, चालीसकट. एकोणिसाव्याच्या दुसऱ्या कडव्यात अडले. डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला, पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच अडले.

"टाका ना काई जुळवून," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "कोणाले कळते?"

"मले कळते!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की महामायाचा हात कळफलकावरून उचलला गेला. "तानुबाईनं जुळवेल गाणं हाय ते. तिच्या तोंडी माहे शब्द घालू?"

तानुबाई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या पार्टीतल्या दोघी अजून आहेत, एक पुण्याला लेकाकडे, एक गावातच, पण तिला आता ऐकू येत नाही.

"मग काय करू, आजोबा?" महामायाने विचारलं.

"मोकळी सोड ओळ. आनं पुढचं घे."

तिने ओळ मोकळी सोडली. मास्तर विसाव्याची पहिली ओळ म्हणाले आणि दुसरीवर अडले. त्यांनी पुन्हा मांडीवर ठेका धरला आणि महामाया कळफलकावर बोटं ठेवून थांबली.