व्याह्यांचे डायव्हर

आमच्या बीड जिल्ह्यातून परदेशी जाऊन आलेली माणसं आता काही कमी राहिली नाहीत, पण पोत्यात हात घालून मूठभर जोंधळा बाहेर काढून बघावा तसा परदेश तपासून आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे व्याही. नांदूरघाटला त्यांचं किराणा दुकान. सारा जन्म तराजूमागं गेला, लांबचा प्रवास म्हणाल तर माल भरायला बार्शी. मग बायको वारली. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा जावई, कॉम्प्युटरच्या नोकरीवर हॉलंड देशाला गेला, पाठोपाठ माझी लेक गेली, आणि साठी उलटलेला हा माणूस जगाच्या वाटेला लागला. दर उन्हाळ्यात मुलाकडं जायचं आणि जाता-येता यात्रा कंपनीच्या लोकांबरोबर आणखी दोन-चार देश उरकून यायचं. पॅरिस, लंडन, स्वित्झर्लंड ही नावं ते केज, नेकनूर, मांजरसुंबा म्हणावं तशी म्हणत. आणि मी, त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच एकटा, धर्मापुरीहून यष्टी बदलत बदलत ते सगळं ऐकायला नांदूरघाटला जाई.

माणूस परदेशी गेला तरी यष्टीतून उतरला नाही. पहिल्यांदा विमानात बसायचं तर आदल्या दिवशीच विमानतळावर जाऊन बसले. कावून, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जागा धराया नको?" आणि धरली तशीच. आत पाऊल टाकलं, खिडकीजवळची एक सीट पसंत केली आणि खांद्यावरचा रुमाल तिच्यावर टाकून निवांत पाय मोकळे करायला मागं गेले. परत येऊन बघतात तर एक गोरा साहेब रुमाल मांडीवर घेऊन बसलेला. साहेबानं तिकिटाचा नंबर दाखवला. व्याह्यांनी रुमाल दाखवला. विमानातली बाई आली, दोघांची तिकिटं वाचली, हात जोडून यांना पुन्हा पुन्हा समजावलं. व्याही म्हणाले, "बाई, आमच्याकडं रुमाल पडला की आमदारबी त्या जागंवर बसत न्हाई." शेवटी साहेबच उठला. हे सांगताना त्यांच्या तोंडावर गर्व नसे, साहेबाविषयी कौतुक असे. म्हणत, "समजदार गडी. रुमालाला मान दिला त्यानं."

जेवणाचं ताट आलं तर यांची लिंगपूजा व्हायची होती. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, कपाळाला विभूती ओढली आणि डोळे मिटले. शेजारची गोरी म्हातारी घास चमच्यात तसाच धरून पूजा होईस्तवर थांबून राहिली. डोळे उघडल्यावर हे तिला पाहून इतके विरघळले, की चिमूटभर विभूती तिच्याही कपाळाला लावली आणि वर शेंगदाण्याची चटणी वाढली. शेंगदाण्याची चटणी आणि कडक धपाटे यांशिवाय त्यांनी कुठल्याच देशात पाय ठेवला नाही. स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या डोंगरावर, जिथं लोक थंडीनं थरथरत फोटो काढत होते, तिथं हे एका कठड्यावर बसून धपाटा मोडत होते. एका जर्मन माणसानं वास घेतला, यांनी तुकडा दिला, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. व्याही त्याच्या पाठीवर हात फिरवत बसले. बर्फाविषयी मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "रान सगळं पडीक. पन मानसं हसतेत."

हॉलंडविषयी मात्र ते तासन् तास बोलत, कारण त्या देशानं त्यांचं डोकंच फिरवलं होतं. तो देश म्हणे समुद्राच्या खाली आहे, दारोदार कालवे आहेत, आणि तिथलं सरकार रात्रंदिवस यंत्रं लावून पाणी उपसतं आणि समुद्रात फेकून देतं. आमच्याकडं मार्च लागला की टँकरच्या वाटंकडं डोळे लागतात. व्याही हळहळत म्हणत, "पाव्हणं, फेकून देतेत हो! माझ्या डोळ्यांदेखत! त्या यंत्रावरच्या मानसाला एकडाव आपल्या तालुक्यात आनून टँकरपुढं घागर घिऊन हुभं केलं पायजे."

आता त्यांच्या फोटोंचं सांगतो. जगातले मोठमोठे मनोरे, राजवाडे, पूल यांनी पाहिले, पण त्यांच्या अल्बमात यांतलं एकही नाही. अल्बमात सगळे डायव्हर. पॅरिसच्या बसचा डायव्हर, लंडनच्या टॅक्सीचा डायव्हर, स्वित्झर्लंडच्या रेल्वेचा डायव्हर, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकून आमचे व्याही, डोक्याला टोपी, कपाळाला विभूती. त्यांचं म्हणणं, "मनोरा कुटं जातोय? तो थितंच हाय. आपल्याला नेलं-आनलं कुनी? मग फोटो कुनाचा पायजे?" पॅरिसचा तो उंच लोखंडी मनोरा एका फोटोत डायव्हरच्या कानामागं जरासा दिसतो. त्याबद्दलही त्यांची तक्रार होती, की फोटो काढणाऱ्याला नीट धरता आला नाही.

हॉलंडचे सगळे फोटो माझ्या लेकीनं काढलेले. म्हणून ती एकाही फोटोत नाही. पण एका ट्रामच्या डायव्हरचा फोटो आहे, त्यात ऊन मागून आलेलं आहे आणि फरशीवर, अगदी डायव्हरच्या बुटापर्यंत, एक लांब सावली पडली आहे. दोन्ही कोपर वर केलेले, डोळ्याला कॅमेरा लावलेला, आणि एका बाजूला वेणीचं टोक. अल्बम उलटता उलटता त्या पानाशी आलो, की व्याह्यांना नेमकं काहीतरी आठवे. "केजची गाडी लागली का बघून येतो," म्हणत ते उठत आणि बराच वेळ परत येत नसत. गाडी तर समोर उभी असलेली मला बसल्या जागेवरून दिसे.

आमची ही बैठक नांदूरघाटच्या स्टँडवरच्या हॉटेलात होई, त्यांच्या घरी नाही. कारण त्यांचं घर ते माझ्या लेकीचं घर, आणि लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमची रीत. माझ्या बापानं पाळली, मी पाळतो. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिथल्या डॉक्टरांचं औषधपाणी चालू होतं, म्हणून तिचं इकडं येणंही होत नव्हतं. मी तिच्या घरचा एक घोट जरी प्यालो, तर आता काही व्हायचं नाही असं बापानंच कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मी करणार नव्हतो. म्हणून ती किती वेळा 'या' म्हणाली तरी मी हॉलंडला गेलो नाही. फोनवर ती 'बरी हाय आप्पा' म्हणायची. बरी हाय तर सगळ्याच लेकी म्हणतात.

तेव्हा तिची खबर काढायची तर व्याह्यांकडूनच. पण मुलीच्या बापानं व्याह्याला पोरगी कशी आहे म्हणून तोंड उघडून विचारणं म्हणजे त्याच्या घरावर संशय घेणं. मी विचारत नसे, वाट बघत बसे. आणि सांगणारा हा असा. त्यांचा प्रवास नांदूरघाटच्या स्टँडवरून सुरू होई, गाडी किती उशिरा आली, कंडक्टर कुणाचा कोण, मांजरसुंब्याचा चहा कसा पांचट. दोन चहा संपले तरी गाडी नगरच्या पुढं सरकलेली नसे. मधेच कुणी बोललं आणि धागा तुटला, तर पुन्हा नांदूरघाटपासून. हॉटेलवाला भांडी विसळता विसळता ओरडे, "शेठ, विमान उडालं का न्हाई अजून?" व्याही शांतपणे म्हणत, "अजून स्टँडवरच हाय." मी घाई केली तर पुन्हा मागं जातील या भीतीनं जीव मुठीत धरून बसे. कबुतरं झाली, सरकते जिने झाले, कालवे झाले, आणि परतीची गाडी लागली की मी उठता उठता म्हणे, "बाकी सगळं ठीक?" ते म्हणत, "बाकी सगळं ठीक." झालं. त्या 'बाकी'साठी मी एवढा प्रवास केलेला असे. कधीकधी मात्र गाडी हलताना खिडकीखाली येऊन, दुसरीकडंच बघत, ते एखादं वाक्य टाकत. "सूनबाईनं कुंडीत कडीपत्ता लावलाय, पाव्हणं." ते वाक्य मला अंबाजोगाईपर्यंत पुरे, आणि पुढंही.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस हा माणूस न सांगता धर्मापुरीला माझ्या दारात. गुडघ्यांनी चालवत नव्हतं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नवी कोरी पांढरी प्लास्टिकची कॅन. "पोरगा म्हनतो आता तिकडंच ऱ्हावा. दुकान पुतन्याकडं दिलं," एवढं बोलून ते सरळ परसात गेले, आडात पोहरा सोडला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून पाणी शेंदायला लागले.

मी म्हणालो, "व्याही, काय करायलाव?"

"तुमचं पानी न्यायलोय, हॉलंडला."

"तिकडं पानी कमी पडलं का?"

"तिकडं पानी लई हाय, पाव्हणं. तुमचं न्हाई." त्यांनी कॅनच्या तोंडाला आपला रुमाल बांधला आणि गाळून पाणी ओतलं. "लेकीच्या घरचं पेत न्हाईत ना तुमी? नका पिऊ. धरलंय ते धरा. तुमच्या आडाचं पानी आधी जाऊन बसतंय, तुमी मागून या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं पानी किती दिस पुरंल?"

पोहरा तसाच सोडून ते हसायला लागले. "म्हंजे येनार!"

"मी नुसतं इचारलं."

"इचारा, इचारा," म्हणाले आणि कॅनचं झाकण आवळलं. जाताना त्यांनी ती कॅन मांडीवर घेतली, पायाशी ठेवू दिली नाही. गाडी हलली तेव्हा या वेळी खिडकीखाली मी होतो.

मुक्कामाला पोचल्यावर त्यांचा फोन आमच्या गावच्या बूथवर आला, तो आधी माफी मागायलाच. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला कॅनमध्ये दारू वाटली. व्याह्यांनी पुष्कळ सांगितलं की हे व्याह्याचं पाणी आहे, त्याला पटेना. मग यांनी त्याच्यादेखत झाकण काढून एक घोट घेतला. "तेवढा एक कमी झालाय, पाव्हणं. बाकी भरल्याली हाय. सूनबाईच्या सैपाकघरात ठिवली, कुनाला हात लावू देत न्हाई." मागून माझी लेक हसलेली मला ऐकू आली. फोनवर ती 'बरी हाय' म्हणते, पण हसलेली मी किती वर्षांनी ऐकली.

आता दर रविवारी फोन येतो आणि सांगायचं काम माझ्याकडं आलंय. ते विचारतात, मांजरसुंब्याचा चहा सुधारला का, केजची गाडी वेळेवर सुटते का, त्यांच्या दुकानात पुतण्या गिऱ्हाइकाला बसा म्हणतो का. हे सगळं पाहायला मी नांदूरघाटला जातो. हॉटेलात त्याच बाकड्यावर बसतो. समोरची जागा मोकळी असते, तिथं मी रुमाल टाकून ठेवतो. कुणी बसायला आलं तर रुमाल बघून पुढं जातं.

मागच्या खेपेला जाता जाता अंबाजोगाईला उतरलो, पासपोर्टचे फोटो काढले आणि कागद दिले. गावात कुणाला सांगितलं नाही. येताना त्या फोटोवाल्याला स्टँडवर घेऊन गेलो आणि केजच्या गाडीच्या डायव्हरबरोबर एक फोटो काढून घेतला, खांद्यावर हात टाकून. तो हॉलंडला पाठवलाय. चौकशीला पोलीस यायचे आहेत, मग पासपोर्ट, मग तो शिक्का का काय तो. तोवर पाणी टिकतं का नासतं, देव जाणे. आमच्या आडाचं आहे, टिकेल. ते संपेस्तवर राहीन. संपल्यावर काय, ते लेकीच्या सैपाकघरात गेल्यावर बघू.

परवा बाकड्यावर बसलो होतो. हॉटेलवाल्याला कुठून कळलं कुणास ठाऊक. भांडी विसळता विसळता म्हणाला, "काय आप्पा, विमान उडालं का न्हाई अजून?"

समोरच्या रुमालाची घडी मी जरा नीट केली.

"अजून स्टँडवरच हाय," म्हणालो.